अर्थ संध्याकाळी सहा वाजता

ताई, आज पाचवा दिवस. फळ्यावर तू लिहिलेला वाक्प्रचार अजून तसाच आहे आणि त्याच्याखाली अर्थाची जागा रिकामी आहे.

रिकामी म्हणजे दिसायला रिकामी. गल्लीनं आपल्यापुरता अर्थ लावून टाकला आहे आणि जोडीला तुला देवपणही देऊन टाकलं आहे. काल दुपारी समोरच्या होमस्टेमधल्या दोन बायका फाटकाशी आल्या. फळ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि एक दुसरीला म्हणाली, "इनको पहले से पता था. लिख के गई हैं." मी खिडकीत बसलो होतो. बाहेर जाऊन त्यांना चार शब्द सुनावणारच होतो, पण वसुधानं माझा हात धरला. "अहो, परगावच्या आहेत, जाऊ द्या ना," म्हणाली. काल मी जाऊ दिलं. आज जाऊ देणार नाही, आणि त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून बसलो आहे.

तुझा नेम गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. सकाळी सात वाजता आपल्या कंपाउंडच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर इंग्रजीतला एक वाक्प्रचार यायचा. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'अर्थ संध्याकाळी सहा वाजता'. मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोकं खाजवायचं. सहा वाजता तू पदर खोचून बाहेर यायचीस, लोकांचे अंदाज ऐकायचीस, स्टुलावर चढायचीस आणि हिंदीत एक ओळ, मराठीत एक ओळ आणि त्याखाली त्याच वाक्प्रचाराचं इंग्रजी वाक्य लिहायचीस. सरकारी कन्या शाळेत नोकरीला होतीस तेव्हाही, आणि निवृत्त झाल्यावर तर विचारायलाच नको. तीस वर्षं झाली. दिवाळीतसुद्धा खाडा नाही.

अंदाज सांगणाऱ्याला तुझी एक अट असायची. पुस्तकातला अर्थ चालायचा नाही. "पुस्तक में तो लिखा ही है, मुझे यहाँ का बताओ," असं तू म्हणायचीस. इथला म्हणजे उज्जैनचा, आपल्या गल्लीतला, ज्याला नाव-गाव आहे असा. 'वन्स इन अ ब्लू मून' लिहिलंस त्या दिवशी ई-रिक्षावाल्या कैलाशनं ब्रेक मारून विचारलं होतं, "मॅडम, ये अपने सिंहस्थ जैसा हुआ क्या? बारह साल में एक बार?" तू त्याचंच वाक्य फळ्यावर लिहिलंस, त्याच्या नावासकट. आठवडाभर तो सवाऱ्यांना मुद्दाम आपल्या गल्लीतून फिरवून नेत होता. आणि ते न्यूकॅसलला कोळसा नेण्याचं! कुठलं ते न्यूकॅसल, तिथे कोळशाच्या खाणी, हे कोणाला काय समजणार? तू सरळ लिहिलंस, 'महाकाळाला भस्म नेऊन देणे.' सगळ्यांना एका झटक्यात समजलं. मी तेव्हा म्हणालो होतो की देवाधर्माच्या गोष्टीत इंग्रजी कशाला आणतेस, कोणी नाराज होईल. कोणी झालं नाही. तू बरोबर होतीस. हे मी तेव्हा म्हणालो नव्हतो.

म्हणजे बघ, आपल्या बोलण्यात 'म्हणालो नव्हतो' फार आहे.

त्यातली सर्वांत जुनी गोष्ट आधी काढतो. माझी ती बँकेतली मुलाखत. बाबा रेल्वेच्या नोकरीपायी जळगावहून इथे आले, आपण इथेच वाढलो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी जे काही होतं ते सगळं तुझ्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला क्लार्कची नोकरी. पस्तिसाव्या वर्षी ऑफिसर होण्याची संधी आली तेव्हा तू महिनाभर मला समोर बसवून इंग्रजी वाक्प्रचार पाठ करून घेतलेस. पन्नास. एकूण एक पाठ. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुम्हाला ही बढती का हवी? आणि मी एका दमात म्हणालो की आय हॅव लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड, आय हॅव बर्न्ट द मिडनाइट ऑइल, आय हॅव कम थ्रू थिक अँड थिन, अँड नाउ सर, द बॉल इज इन युअर कोर्ट.

तिघं साहेब आधी एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यातला एक खिडकीबाहेर बघून म्हणाला, "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज." बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. तिघंही हसले, शिपाईसुद्धा हसला. मी क्लार्क म्हणून लागलो आणि क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो.

घरी आलो तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? "श्री, मी तुला चटणी वाढली होती रे. तू तिची भाजी केलीस." आणि मग, "मी सांगितलं होतं, एखादाच वापर." ताई, तू सांगितलं नव्हतंस. तीस वर्षं हा वाद आपल्यात चालू आहे आणि आता तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस. तू पन्नास पाठ करून घेतलेस आणि 'एखादाच' हा शब्द त्या महिन्याभरात तुझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी शपथेवर सांगायला तयार आहे.

त्या दिवसानंतर मी चारचौघांत इंग्रजीचा एक शब्द बोललो नाही. तुझ्यापुढेही वही घेऊन बसलो नाही. आणि त्याच आठवड्यात तू सुताराकडून फळा करून आणलास आणि भिंतीवर लावलास. स्टूलही तेव्हाचंच. लोकांना सांगितलंस, मुलींसाठी आहे. मला माहीत होतं कोणासाठी आहे ते. रोज एक, जास्त नाही. नुसता पाठ करायचा नाही, त्याचा इथला अर्थ शोधायचा आणि एका साध्या वाक्यात तो बसवून बघायचा. जे महिनाभरात करायला नको होतं ते तू तीस वर्षांत सावकाश करत होतीस. मी रोज स्कूटर काढताना फळ्याकडे न बघितल्यासारखं करून बघायचो, आणि बँकेत जाईपर्यंत अर्थ लावत राहायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचा. कधी सांगितलं नाही. संध्याकाळी तू स्टुलावर असायचीस तेव्हा मी मुद्दाम आत रेडिओ लावून बसायचो, पण त्याचा आवाज इतका कमी ठेवायचो की तुझं सगळं ऐकू यावं. ते तुझ्याही लक्षात असणार. कारण आत येताना तू वसुधाला म्हणायचीस, "आज कोणालाच नाही आलं बघ," आणि माझ्याकडे एक नजर टाकायचीस.

आणि अशा माणसानं, म्हणजे मी, त्या दिवशी सकाळी तुला विचारलं, "कोण वाचतं ते?"

तुझ्यासमोरच झालेलं आहे, पण मला ते एकदा नीट मांडू दे. तुला पंधरा दिवसांपासून चक्कर येत होती. डॉक्टरांनी स्टुलावर चढायचं नाही म्हणून बजावलं होतं. तू डॉक्टरांसमोर मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढलीस. त्या सकाळी मी स्टूल उचलून आत ठेवलं. तू ते परत बाहेर नेलंस. मी म्हणालो, "ताई, बस कर आता. जिद्द सोड. तब्येत बघ आपली." तू म्हणालीस, "सात वाजत आले, बाजूला हो." मग माझं डोकं फिरलं. "कोण वाचतं ते? सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, बटण दाबलं की अर्थ येतो. तुझ्या फळ्यासाठी कोणी अडलेलं नाहीये," असं मी गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो.

तू खडू घेतलास, चढलीस, लिहिलंस. 'टु थ्रो इन द टॉवेल.' अक्षरं नेहमीसारखी, एका रेषेत. उतरलीस आणि हात झटकत मला म्हणालीस, "श्री, टॉवेल टाकणं म्हणजे काय, ते तुला माहीत असेल. पण तो टाकतं कोण? ओळख. सहाला सांगते."

मी चप्पल घातली आणि देवास गेटला निघून गेलो. तिथे बसस्टँडसमोर दोन वेळा चहा प्यालो, जुनाच पेपर परत वाचला. वसुधानं नंतर सांगितलं, तू पोहे खाल्लेस, शेव जास्त घेतलीस, होमस्टेमधल्या कोणा यात्रेकरूनं 'टॉवेल फेंका, मतलब नहा लिए' असा अर्थ सांगितला म्हणून पोट धरून हसलीस. मग डाळ निवडायला खुर्चीत बसलीस आणि साडेअकराला ताट मांडीवरून सरकलं. मला फोन आला तेव्हा मी तिसऱ्या चहाचं सांगत होतो. कैलाशच आला होता घ्यायला. वाटेत तो काहीच बोलला नाही, त्यावरून मला कळलं.

माफी मागायची असती तर मी सहाला मागितली असती. नाही, खोटं कशाला बोलू, मागितली नसती. रेडिओ लावून बसलो असतो.

त्यानंतर जे सुरू झालं ते तुला आवडलं नसतं. फोनवर तुझ्या जुन्या मुलींचे निरोप आले, सगळे इंग्रजीत. मॅडम पास्ड अवे. मॅडम इज इन अ बेटर प्लेस. एवढं शिकवून हेच लक्षात राहिलं का त्यांच्या? उज्जैन सोडून बेटर प्लेस कोणती, असं तू विचारलं असतंस आणि पत्ता मागितला असतास. मला आठवतं, एकदा एका मुलीनं मरणाचे वाक्प्रचार फळ्यावर लिहायला सांगितले होते. तू म्हणालीस, "बादलीला लाथ मारली म्हणे! माणूस मेला की मेला म्हणावं. त्याला आडोसा कशाला?" म्हणून मी कोणाला 'देवाघरी गेली' लिहून पाठवलं नाही. लिहिलं, माझी बहीण मेली. इंदूरच्या काकूंना ते फार कठोर वाटलं. वाटू दे. तू मेलीस ताई. मी चक्रतीर्थावर तुला अग्नी दिला, माझ्या या हातानं दिला, आणि तो शब्द उच्चारायला मला कोणाची परवानगी नको आहे.

उठावना तिसऱ्या दिवशी झाला. शोक करायला आलेल्यांनी अंगण भरलं होतं, बाहेर गल्लीत लोक उभे होते. कोण वाचतं ते, असं मी विचारलं होतं ना, ते सगळे तिथे होते. आणि तिथेच ती गोष्ट सुरू झाली. कोणीतरी मोबाइलवर अर्थ शोधला, टॉवेल टाकणे म्हणजे हार मानणे, लढाई सोडून देणे. झालं! "मॅडमनं ओळखलं होतं. त्यांनी आपल्या हातानं लिहून ठेवलं की आता बास." तीर्थाचं गाव आहे, अशी गोष्ट पसरायला काय वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत तू शांतपणे निरोप घेणारी पुण्यात्मा झाली होतीस. जिनं डॉक्टरांचं ऐकलं नाही, दुपारच्या डाळीला जिरं जास्त घाल म्हणून वसुधाला दोनदा बजावलं आणि मला सहाला उत्तर सांगणार होती, ती बाई म्हणे निरोप घेत होती.

त्याच संध्याकाळी मी तुझा जाडा शब्दकोश काढला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. ताई, मला वाटत होतं टॉवेल लढणाराच टाकतो. मार सहन झाला नाही की टाकला टॉवेल आणि गेला घरी. पण तसं नाही. मुष्टियुद्धात खेळणाऱ्याचे हात तर ग्लोव्ह्जमध्ये अडकलेले असतात. टॉवेल टाकतो तो कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस. त्याला शिकवणारा, पाणी पाजणारा, घाम पुसणारा. आपल्या माणसाला पडणारा मार त्याला बघवत नाही, म्हणून तो टॉवेल आत फेकतो आणि लढाई थांबवतो. खेळणारा कित्येकदा त्याच्यावर चिडतो, कारण त्याला अजून लढायचं असतं.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो होतो ते वसुधाला विचार. म्हणजे तू मला हे सांगणार होतीस. 'कोण वाचतं ते' हे मी का बोललो ते तुला कळलं होतं. मी तुला हिणवत होतो असं तुला वाटलंच नव्हतं. तुला घेरी येऊन तू त्या स्टुलावरून पडशील म्हणून माझी पाचावर धारण बसली होती, हे तू ओळखलं होतंस. आणि तरी तू चढलीस, आणि चढून वर माझी खोडी काढलीस. तुझी ही खोड मला कधीच आवडली नाही. आत्ता मात्र तिच्यावर मी जगतो आहे.

आज सकाळी उठलो तर फळा दिसेनासा झाला होता. मुकेशनं त्याच्यावर फ्लेक्स लावला आहे. मुकेश म्हणजे तोच, इंग्रजीत तीनदा नापास झालेला, ज्याला तू घरी शिकवून चौथ्या वेळी पास करवलंस. आता कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे त्याचं आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं मनात आहे. मागे महाकाळाचं शिखर, पुढे तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, खाली 'पूज्य मॅडम का अंतिम संदेश' आणि टॉवेलचं ते वाक्य. बाजूला हात जोडलेला मुकेश, तुझ्यापेक्षा मोठा.

उठावन्याला येऊन राहिलेल्या काकूंनी मला सकाळीच तंबी दिली. "तू क्रियेला बसलेला आहेस. तेरा दिवस फळ्याबिळ्याला हात लावायचा नाही. लोकांची श्रद्धा आहे, राहू दे." मी मान हलवली, तू डॉक्टरांसमोर हलवलीस तशी. आता पावणेसहा वाजले आहेत. पक्कड शोधतो.

*

साडेसात वाजले आहेत. बोटांना अजून खडू आहे.

मी फाटकाबाहेर जाऊन फ्लेक्सच्या तारा तोडायला लागलो तेव्हा मुकेश दुकानातून धावत आला. "अंकल, क्या कर रहे हो? अच्छा नहीं लगा क्या?"

मी विचारलं, "मुकेश, इसका मतलब क्या होता है?"

"हार मान लेना. मतलब, वैसे हार नहीं... समर्पण. भगवान के आगे."

"मॅडम ने कभी हार मानी थी?"

"नहीं. मेरे टाइम पे तो बिलकुल नहीं मानी. मैंने मान ली थी, उन्होंने नहीं मानी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर अंकल, सारा मोहल्ला मान रहा है. लोगों की श्रद्धा है. रहने दो ना."

"श्रद्धा रखो. झूठ मत टाँगो," मी म्हणालो आणि चौथी तार तोडली. फ्लेक्स खाली आला. मला वाटलं तो भांडेल. मुकेशनं तो उचलला, गुंडाळला, तुझा चेहरा आतल्या बाजूला जाईल असा नीट गुंडाळला आणि काखेत धरून तिथेच उभा राहिला. चांगला मुलगा आहे, तू म्हणायचीस ते खरं आहे. निवडणुकीत मात्र मी त्याला मत देईन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

काकू दारातून ओरडत होत्या. वसुधा बाहेर आली. मला वाटलं, आवरायला आली. तिनं स्टूल आणलं होतं. भिंतीशी लावलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाली, "चढा. मी पकडून आहे." ताई, ते स्टूल खरंच डगमगतं. त्या बाबतीत मी बरोबर होतो आणि शेवटपर्यंत तेच म्हणणार.

तोवर गल्ली जमली होती. कैलाशनं सवाऱ्यांसकट गाडी मध्येच उभी केली. होमस्टेवाल्या बायका होत्या, भाजी घेऊन जाणारे होते, शाळेच्या दोन मुली होत्या. सगळे वर बघत होते, तुझ्याकडे बघायचे तसे. हिंदी ओळ लिहिली, 'हार मान लेना.' मराठी ओळ लिहिली, 'हात टेकणे.' इथवर सोपं होतं. मग तुझ्या अटीप्रमाणे इथला अर्थ लिहिला. वळून मोठ्यानं वाचूनही दाखवला, हिंदीतून, सगळ्यांना समजावा म्हणून: "टॉवेल लढने वाला नहीं फेंकता. उसका अपना आदमी फेंकता है, जो डर गया होता है. उस दिन सुबह मॅडम के भाई ने फेंका था. मॅडम ने उठा के वापस दे मारा और सात बजे बोर्ड लिख दिया."

कैलाश म्हणाला, "तो भाऊसाब, मॅडम को पता नहीं था?"

"नहीं," मी म्हणालो. "उनको शाम छह बजे बाहर आना था."

काल फळ्याला हात लावणाऱ्या त्या दोघींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला. रडायला लागली. पाच दिवसांत तिच्यासारखं खरं कोणी रडलं नव्हतं, आतापर्यंत सगळे नुसते हात जोडत होते. मग मीही रडलो, स्टुलावरच, सगळ्यांसमोर. वसुधानं स्टूल सोडलं नाही.

एक ओळ राहिली होती. ती इंग्रजी. ते मे महिन्याचं ऊन, ते तिघं साहेब, सगळं डोळ्यांपुढे आलं. खाली उतरलो असतो तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मग त्या मोबाइलवरच्या अर्थात आणि आपल्यात फरक काय राहिला असता? मी खडू परत टेकवला आणि लिहायला लागलो. एकेक अक्षर जोडून, मोठं मोठं. ओळ वर चढत गेली, फळ्याच्या कडेला जागा पुरली नाही म्हणून शेवटचा शब्द खाली घ्यावा लागला. शाळेच्या मुलींपैकी एक फिसकन हसली. मी वळून बघितलं. तिनं जीभ चावली. "हँस ले बेटा," मी म्हणालो, "कल सुबह सात बजे फिर आना. कल और हँसने को मिलेगा." आणि पुन्हा फळ्याकडे तोंड करून शेवटचा शब्द पुरा केला.

'माय सिस्टर नेव्हर थ्रू इन द टॉवेल.'

काकू आत माझ्याशी बोलत नाहीयेत. वसुधानं डाळीत जिरं जास्त घातलं आहे. उद्याचा वाक्प्रचार मी तुझ्या शब्दकोशातून काढून ठेवला आहे, एकच काढला आहे. अर्थ मला येतो, पण इथला अर्थ अजून सापडलेला नाही, तो गल्ली दिवसभरात सांगेल. क्रिया मोडली असेल तर मोडली. तेराव्यापर्यंत थांबायचं, मग वर्षश्राद्धापर्यंत, मग कोणीतरी फळा रंगवून टाकायचा, हे मला चालणार नाही.

आता एवढंच राहतं की त्या इंग्रजी ओळीत काहीतरी चूक नक्की असणार. तुला ती पहिल्या नजरेत दिसेल. मी ती शोधणार नाही आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. पटत नसेल तर ये, ताई. ये आणि पूस.